डोक्यावर पानं, भिंतीवर पानं: रेनेसाँमधल्या लॉरेलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मराठी ग्रुप घेऊन इटलीला जायला लागून आता बरीच वर्षं झाली आणि दर ट्रिपला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी हमखास विचारतंच, "अहो, इथे प्रत्येकाच्या डोक्यावर ती पानं का आहेत?" बसमध्ये माइकवर उत्तर देता देता घसा बसतो म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, लोक जसं विचारतात तसंच आहे.

हे लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्रच ना?

नाही. पण चुलतभाऊ म्हणा. लॉरेल हे भूमध्य समुद्राच्या काठचं झाड, आपलं तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याचं, दालचिनीच्या जवळचं. कूळ एकच, झाड वेगळं. घरी डबा उघडून बघा, आपल्या पुलावात जातं त्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा उभ्या धावतात आणि वास लवंग-दालचिनीकडे झुकतो. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते, तिला आडव्या बारीक शिरा फुटतात, पान लहान आणि जाड, चुरगळलं तर वास जरा औषधी येतो. सुपरमार्केटमध्ये दोन्हींच्या पाकिटावर बे लीफच लिहितात त्यामुळे हा घोळ होतो. मी ट्रिपला खिशात दोन्ही पानं ठेवतो, दाखवली की म्युझियममधल्या अर्ध्या चित्रांचा उलगडा तिथेच होतो, कारण चित्रकारांनी ती मधली शीर आवर्जून काढलेली असते.

पण पानंच का? सोनं नव्हतं का त्यांच्याकडे?

होतं की, चिक्कार होतं. पण सोन्याचा मुकुट वंशाने मिळतो, पानांचा मिळवावा लागतो, निदान कल्पना तरी तशी होती. सुरुवात ग्रीकांकडून झाली. अपोलो देवाने मदनाची, म्हणजे त्यांच्या क्युपिडची, टिंगल केली, त्याने चिडून अपोलोला सोन्याचा बाण मारला आणि दाफ्नी नावाच्या अप्सरेला शिशाचा. हा प्रेमात वेडा झाला, तिला त्याचं तोंडही बघवेना. पळता पळता दमली तेव्हा तिने आपल्या नदी-देव बापाला हाक मारली आणि तिचं लॉरेलचं झाड झालं. मग अपोलो म्हणतो, बायको नाही तर नाही, माझं झाड तरी होशील, माझ्या केसांत राहशील, आणि रोमच्या विजयी सेनापतींच्या डोक्यावरही तूच असशील. ही गोष्ट रोमन कवी ओविडने सांगितलीय आणि रेनेसाँमधल्या, म्हणजे साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या प्रबोधनकाळातल्या, प्रत्येक शिकलेल्या माणसाला ती तोंडपाठ होती.

आता खरं सांगू का, मला ही गोष्ट कधीच आवडली नाही. पोरगी नको म्हणून पळतेय, झाड झाली तरी हा फांद्या तोडून डोक्यावर घालतोय, आणि त्याला आपण सन्मान म्हणतो. असो.

डेल्फीला अपोलोच्या नावाने जे खेळ व्हायचे त्यात जिंकणाऱ्याला लॉरेल मिळायचं. ऑलिंपियाला मात्र रानटी ऑलिव्हची फांदी असायची, हे बऱ्याच जणांचं उलटं होतं. पुढे रोमन सेनापती मोठी लढाई जिंकून आला की मिरवणूक निघायची आणि डोक्यावर लॉरेल. झाड बारमाही हिरवं, म्हणून कीर्ती न वाळणारी, हा अर्थ त्यातच आला. शिवाय लॉरेलवर वीज पडत नाही अशीही समजूत होती, तिबेरियस बादशहा ढग गडगडायला लागले की लॉरेल डोक्यावर चढवायचा म्हणे.

सीझर टक्कल झाकायला घालायचा हे खरं का?

ही गॉसिप आमची नाही, सुएटोनियस नावाच्या रोमन चरित्रकाराचीच आहे. सिनेटने दिलेल्या सगळ्या मानांमध्ये कायम लॉरेल घालायची परवानगी हा मान सीझरला सगळ्यात जास्त आवडला, कारण टक्कल त्याला फार सलायचं, असं त्याने लिहून ठेवलंय.

मग सेनापतींचा मुकुट कवींच्या डोक्यावर कसा गेला?

इथेच सगळी गंमत आहे, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

अपोलो हा काव्याचाही देव, त्यामुळे कवीचा हक्क पहिल्यापासून होताच, पण मधल्या हजारएक वर्षांत ही प्रथा जवळजवळ विसरली गेली होती. १३१५ मध्ये पादुआ शहराने आल्बेर्तिनो मुस्सातो या आपल्या कवी-इतिहासकाराला लॉरेल घातलं. हा पहिला मोठा प्रसंग. पण सगळ्यांना आठवतो तो इटालियन कवी पेत्रार्क. या माणसाने लॉरेलचा ध्यासच घेतला होता. त्याच्या कवितेतली प्रेयसी लाऊरा, झाडाला इटालियनमध्ये लाऊरो, वाऱ्याची झुळूक म्हणजे लाउरा, या एका शब्दाशी तो आयुष्यभर खेळत बसला. ओळखी वापरून, पत्रं लिहून, व्यवस्थित फील्डिंग लावली आणि १ सप्टेंबर १३४० ला एकाच दिवशी पॅरिस आणि रोम अशी दोन्हीकडून आमंत्रणं आली. त्याने रोम निवडलं. आधी नेपल्सला जाऊन राजा रॉबर्टकडून तीन दिवस तोंडी परीक्षा घेववली, म्हणजे उद्या कोणी वशिल्याने मिळालं म्हणायला नको, आणि ८ एप्रिल १३४१ ला, ईस्टरच्या रविवारी, रोमच्या कॅपिटोल टेकडीवर त्याच्या डोक्यावर लॉरेल चढलं. वय ३६. ज्या महाकाव्याच्या जोरावर हे सगळं झालं ते तेव्हा अर्धवटच होतं आणि शेवटपर्यंत अर्धवटच राहिलं.

मुकुट घेऊन तो गेला कुठे, तर सेंट पीटर्सच्या चर्चमध्ये, आणि तिथे तो देवाला वाहून टाकला. ही हुशारी बघा. बिगरख्रिस्ती देवाचं झाड, पण शेवट चर्चमध्ये, त्यामुळे कोणाला बोट ठेवायला जागा नाही. म्हातारपणी मात्र लिहून गेला की या लॉरेलने ज्ञान काही मिळालं नाही, लोकांचा मत्सर तेवढा भरपूर मिळाला.

तेव्हापासून एक पायंडा पडला. तलवार न चालवताही विजयी होता येतं, पुस्तक लिहूनही. माझ्या मते रेनेसाँ म्हणजे काय हे सांगायला याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

दान्तेला कधी मिळाला?

कधीच नाही! इटलीचा हा सगळ्यात मोठा कवी, आणि तरीही तुम्हाला तो लॉरेलशिवाय दिसणार नाही. त्याला बोलोन्याहून आमंत्रण होतं, पण याला हवा होता तो फ्लॉरेन्समध्ये, जिथे त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच ठिकाणी, आणि फ्लॉरेन्सने तर त्याला हद्दपार केलेलं. तो १३२१ मध्ये रावेन्नाला वारला, परदेशातच. मग शहराला उशिरा जाग आली. १४६५ मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये दोमेनिको दी मिकेलिनोने काढलेलं चित्र लागलं, लाल झगा, हातात उघडलेलं पुस्तक, डोक्यावर लॉरेल आणि शेजारी तेच शहर ज्याने त्याला हाकललं. बोत्तिचेल्लीने काढलेला दान्तेही तसाच, नाक धारदार, लाल टोपीवर पानं. व्हॅटिकनमध्ये राफाएलने तर त्याला दोनदा लॉरेल घातलंय, एकदा पार्नासुस पर्वतावर कवींच्या घोळक्यात आणि एकदा त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीवर, धर्मपंडितांच्या गर्दीत. जिवंतपणी उपाशी, मेल्यावर तुपाशी, दुसरं काय.

म्हणून मी ग्रुपला एक सवय लावतो. पानांचा मुकुट दिसला की नुसतं "वा, सन्मान" म्हणून पुढे जायचं नाही, विचारायचं की हा कोणी घातला, कोणाला घातला, आणि तेव्हा तो माणूस जिवंत होता का.

राफाएलचं ते पार्नासुसचं चित्र बघताना काय बघू?

खिडकीच्या वर आहे, मान वर करावी लागते, आणि मागून गर्दी ढकलत असते त्यामुळे आधीच ठरवून जा. मधे अपोलो, हातात व्हायोलिनसारखं वाद्य, मागे लॉरेलची बारीक खोडाची झाडं. आंधळा होमर तोंड वर करून कविता म्हणतोय, दान्ते त्याच्या जवळच. खाली डावीकडे खिडकीच्या चौकटीवर रेलून ग्रीक कवयित्री सॅफो बसलीय, तिच्या हातात नाव लिहिलेली गुंडाळी आहे. सगळ्या कवींमध्ये नावाची पाटी फक्त तिला! राफाएलला वाटलं असेल की बाईमाणूस म्हटल्यावर लोक तिला कवी समजणार नाहीत, कुठलीतरी देवता समजतील.

लिओनार्दोच्या एका चित्राच्या पाठीमागे लॉरेल आहे म्हणतात, ते कुठलं?

जिनेव्रा दे बेन्ची. साधारण १४७४ ते ७८ मधलं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, इटलीत शोधत बसू नका. तिथे ते असं मांडलंय की मागे फिरून जाता येतं, आणि लोक पुढचा फोटो काढून निघून जातात, अक्षरशः.

मागे संगमरवरासारखा रंगवलेला लालसर दगड आहे आणि त्यावर दोन फांद्या, एका बाजूला लॉरेल, दुसऱ्या बाजूला पाम, वाकून एकमेकींकडे येतायत, मधे जुनिपरची छोटी डहाळी आणि सगळ्यांना गुंफत जाणारी कागदाची पट्टी, तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की सौंदर्य हे सद्गुणाचं भूषण आहे. जुनिपरला इटालियनमध्ये जिनेप्रो म्हणतात, म्हणजे ती जिनेव्रा स्वतः. लॉरेल बुद्धीचं, पाम सदाचाराचं. आता मजा अशी की लॉरेल आणि पाम ही जोडी बेर्नार्दो बेम्बो या व्हेनिसच्या राजदूताचं स्वतःचं चिन्ह होतं, आणि इन्फ्रारेडने बघितलं तेव्हा आताच्या अक्षरांखाली त्याचं ब्रीदवाक्यही सापडलं, सद्गुण आणि मान. दोघांचंही लग्न झालेलं, पण वेगवेगळ्या माणसांशी. विद्वान लोक याला प्लेटॉनिक प्रेम म्हणतात, आमच्या ग्रुपमधल्या काकू त्याला काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. बोर्डाचा खालचा भाग कधीतरी कापला गेलाय, त्यामुळे पुढे तिचे हात नाहीत आणि मागे फांद्यांचे देठ नाहीत.

मेदिची लोकांचा लॉरेलशी काय संबंध?

नाव! मेदिची म्हणजे फ्लॉरेन्सची सत्ता हातात असलेलं घराणं, त्यातला लोरेन्झो, लॅटिनमध्ये लाउरेंतिउस, आणि लॉरेलला लॅटिनमध्ये लाउरुस. श्लेष आयता हातात पडला आणि तो त्यांनी सोडला नाही. पोलित्सिआनो नावाचा कवी लोरेन्झोला सरळ लाऊरोच म्हणतो, त्याच्या सावलीत फ्लॉरेन्स निवांत आहे असं. बोत्तिचेल्लीच्या प्रिमावेरामध्ये उजव्या कडेला, जिथे तो निळसर वारा गाल फुगवून येतोय, तिथली वाकलेली झाडं लॉरेलची आहेत, ती उगीच नाहीत.

पण मला सगळ्यात आवडतं ते पोन्तोर्मोचं, फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममध्ये आहे, लोरेन्झोच्या आजोबाचं, म्हाताऱ्या कोसिमोचं पोर्ट्रेट. कोसिमो १४६४ लाच गेलेला, चित्र १५१९ च्या आसपासचं. लाल झगा घातलेला म्हातारा, हात एकात एक घट्ट गुंफलेले, आणि डावीकडे लॉरेलचं खोड, एक फांदी छाटलेली, दुसरी हिरवीगार, भोवती व्हर्जिलवरून घेतलेल्या ओळीची पट्टी, अर्थ असा की एक तुटली तरी दुसरी कमी पडत नाही. १५१९ मध्येच या घराण्यातला एक लोरेन्झो वारला आणि त्याच वर्षी एक कोसिमो जन्मला, जो पुढे ड्यूक झाला. आपल्याकडे वंशाला दिवा म्हणतात, यांच्याकडे वंशाला फांदी.

इमारतींवर जे गोल पानांचं कडं असतं, तेही लॉरेलच का?

बऱ्याचदा हो, पण नेहमी नाही, आणि इथे सगळे फसतात. मी स्वतः सुरुवातीला सरसकट लॉरेल सांगत सुटायचो, एकदा ग्रुपमधल्या बॉटनीच्या निवृत्त मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग हे लिंबू कुठून आलं त्याच्यात?" तेव्हापासून शहाणा झालो.

सोपं सांगतो. पानांमध्ये फळं असतील, लिंबं, पाइनची बोंडं, द्राक्षं, तर तो फळाफुलांचा हार, समृद्धीचा, आपल्या तोरणासारखा. देल्ला रोब्बिया कुटुंबाची निळी-पांढरी-हिरवी चकचकीत मातीची कामं जिथे जिथे आहेत तिथे बहुतेक हेच असतं. लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये लुका देल्ला रोब्बियाचं एक राजचिन्ह आहे, तीन मीटरहून मोठं, त्याच्या कडेचा हार बघा, भाजी मंडई आहे नुसती. दोन टोकं वर अडकवून मधे झोळ पडलेला असेल, पोरं तो धरून उभी असतील, व्हेनिसच्या सान्सोविनोच्या लायब्ररीवर आहे तसं, तर ती माळ, मुकुट नव्हे.

खरं लॉरेलचं कडं असेल तर पानं लांबट, टोकदार, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली, मधे मधे छोट्या गोल बिया, आणि ठरावीक अंतरावर फीत आडवी गुंडाळलेली. खाली किंवा वर त्या फितीची टोकं वाऱ्यावर उडाल्यासारखी कोरलेली असतात. दगडात वारा दाखवायचा तो तिथे दाखवतात.

हे सगळं आलं रोमन अवशेषांतून. रोममध्ये ट्रेजनचा स्तंभ आहे ना, ज्यावर युद्धाची चित्रपट्टी गोल गोल वर जाते, त्याच्या अगदी तळाशी खांबाला जी जाड वळी आहे ती वळी म्हणजेच आडवा ठेवलेला लॉरेलचा मुकुट आहे. लोक वर बघतात, ती कोणी बघत नाही. रेनेसाँच्या आर्किटेक्टांनी टेप घेऊन असले अवशेष मापले आणि तीच पानांची वळी मग खांबांच्या पायथ्याला, फुगीर पट्ट्यांना, छताच्या चौकटींना येऊन बसली. आणि घराच्या दर्शनी भिंतीवर कुळाचं चिन्ह लावताना त्याच्या भोवती हे कडं घालायची पद्धत पडली, म्हणजे विजयी सेनापतीचा मान आता कापडाच्या व्यापाऱ्याच्या दारावर. कोणी दिला? कोणीच नाही, स्वतःच्या पैशाने गवंडी लावून घेतला.

मग ओक, ऑलिव्ह, आयव्ही हे कसे ओळखायचे?

ओकचं पान कातरलेलं, सोबत टोपीवाली फळं. रोममध्ये हे नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळायचं. सिस्टीन चॅपेलच्या छतावर ओकची फळं ढिगाने दिसतात कारण पोप ज्युलियसचं आडनाव देल्ला रोव्हेरे, आणि रोव्हेरे म्हणजे ओक. ऑलिव्हचं पान अरुंद, समोरासमोर जोडीने, फळ लांबट, अर्थ शांतता. आयव्हीला तीन-पाच कोपरे, ती बॅकसची, म्हणजे दारूच्या देवाची, पण कवींनाही चालते, का ते तुम्हीच ठरवा. मर्टल बारीक पानांचं, व्हीनसचं. यूनोच्या लोगोवर आहे ते ऑलिव्ह, लॉरेल नाही, आणि आपल्या सिनेमांच्या पोस्टरवर फेस्टिव्हलचं नाव ज्या दोन फांद्यांमध्ये लिहितात ते मात्र लॉरेल.

थडग्यांवर पण का? ते पुष्पचक्रासारखं आहे का?

दिसतं तसंच, आपण हुतात्मा स्मारकावर वाहतो तसं गोल. पण फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये लिओनार्दो ब्रूनीच्या थडग्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. ब्रूनी शहराचा चान्सेलर, म्हणजे सरकारचा मुख्य सचिव, आणि इतिहासकार, १४४४ मध्ये वारला. अंत्यसंस्काराच्या वेळी भाषण करणाऱ्या जानोझ्झो मानेत्तीने त्याच्या मृतदेहाच्या डोक्यावर खरोखरच लॉरेल चढवलं. मग शिल्पकार बेर्नार्दो रोस्सेल्लिनोने तेच दगडात केलं. म्हातारा आडवा, झोपल्यासारखा, तोंड जरासं आपल्याकडे वळलेलं, छातीवर पुस्तक, केसांत पानं. वर मेरी आणि बाळ आहेत, पण ते लांब आहेत, डोळ्यासमोर येतं ते पुस्तक आणि लॉरेल. चर्चमध्ये! त्याच्या शंभर वर्षं आधी त्याच जागी हात जोडलेले असते. समोरच्या भिंतीला त्याच्यानंतरचा चान्सेलर मार्सुप्पिनी आहे, तो १४५३ मध्ये गेला, त्याचं थडगं देसिदेरियोने आणखी नटवलं. दोन मंडळांच्या गणपतीसारखी चढाओढ.

राजेलोक द्यायचे का हा मुकुट?

हो, पुढे पुढे तर सम्राटांनी ते आपल्या हातातच घेतलं. जर्मन राजा आणि पुढे सम्राट झालेल्या फ्रेडरिक तिसऱ्याने १४४२ मध्ये एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनीला घातला, जो १४५८ मध्ये पोप झाला. सिएनाच्या कॅथेड्रलमधल्या लायब्ररीत पिन्तुरिक्कियोने हा प्रसंग भिंतीवर रंगवलाय, रंग अजून इतके ताजे की काल लावून गेलेत असं वाटतं. त्याच सम्राटाने १४८७ मध्ये न्यूरेंबर्गला कॉनराड सेल्टिसला घातला, जर्मनांमधला पहिला. या सेल्टिसने जिवंतपणीच स्वतःचं मृत्यू-पोर्ट्रेट छापून घेतलं, डोक्यावर लॉरेल, हात स्वतःच्या पुस्तकांवर, आणि थोड्याच दिवसांत, १५०८ मध्ये, खरंच गेला.

चित्रकारांनी स्वतःला कधी घातला का?

मान्तेन्याला बघा. मान्तुआच्या राजवाड्यात त्याने एका खोलीच्या छतावर आठ रोमन सम्राट काढले, प्रत्येक जण लॉरेलच्या गोलात, गोल धरायला गुबगुबीत पोरं. मग सीझरच्या विजययात्रेचे नऊ प्रचंड कॅनव्हास, ते आता लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टमध्ये, शेवटच्यात रथावरच्या सीझरवर मुकुट धरलाय. आयुष्यभर दुसऱ्यांना घालत बसला. आता मान्तुआतल्याच सान्तअँद्रेआ चर्चमध्ये त्याच्या समाधीच्या चॅपेलपाशी जा, ब्राँझचा अर्धपुतळा आहे, कपाळावर आठ्या, तोंड वाकडं, जणू उधारी मागायला आलेल्याकडे बघतोय, आणि डोक्यावर लॉरेल. तोपर्यंत चित्रकार म्हणजे हाताने काम करणारा कारागीर, सुताराच्या रांगेतला. त्याने कवींची खुर्ची ओढून घेतली.

बेर्निनीचा अपोलो आणि दाफ्नी या यादीत का नाही?

कारण तो पुतळा १६२२ ते २५ मधला, बरोक, म्हणजे रेनेसाँच्या नंतरची शैली. बघाच, बोटांना पानं फुटतात ते विसरता येत नाही, पण रेनेसाँ नाही. रेनेसाँमधली दाफ्नी हवी असेल तर लंडनच्या नॅशनल गॅलरीत पोल्लाइउओलोचं छोटंसं चित्र आहे, वहीच्या पानाएवढं, तिचे दोन्ही हात म्हणजे दोन अख्खी झुडपं झालीत आणि अपोलो धावत येऊन कंबरेला धरतोय. जरा विनोदी दिसतं खरं.

आज इटलीत कोणी खरा मुकुट घालतं का, की सगळं म्युझियमातच?

घालतात ना, रोज. डिग्रीला इटालियनमध्ये लाउरेआच म्हणतात. पादुआला दुपारी युनिव्हर्सिटीच्या आसपास उभे राहा, तोंडी परीक्षा संपवून पोरंपोरी बाहेर येतात, डोक्यावर खऱ्या ताज्या पानांचा मुकुट, लाल रिबीन, आणि मग मित्र त्यांना पकडून चित्रविचित्र कपडे घालतात, भिंतीवर लावलेलं त्यांचं व्यंगचित्र आणि त्याखालच्या अश्लील कविता मोठ्याने वाचायला लावतात, चुकलं की पाजतात, आणि चौकात सगळे मिळून नव्या डॉक्टरसाहेबांना (तिथे पदवीधराला डॉक्टरच म्हणतात) शिव्यांचं गाणं म्हणतात. मुस्सातोला १३१५ मध्ये मुकुट घातला तेच हे पादुआ. मागच्या ट्रिपला आमच्या ग्रुपमधल्या आजींनी एका मुलीच्या मुकुटातलं गळून पडलेलं पान उचललं, चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, "भाताला चालेल."